आडवी रांग

बार्लोज बेंड
९ मार्च १९३६

प्रिय ऑरिन,

नाताळच्या तुझ्या पत्रात सफरचंदांना दोन पानं होती आणि माझ्या गुडघ्यांना अर्धी ओळ. असो. गुडघे कुरकुरतात, पण चालतात. बाकी गावाला सध्या एकच वेड लागलंय, ते म्हणजे आपले खापरपणजोबा.

जनरल जाऊन यंदा शंभर वर्षं होतात. स्मारकाचा चौथरा नदीवरच्या टेकाडावर बांधून झालाय आणि ब्राँझचा पुतळाही गेल्या आठवड्यात गाडीनं येऊन पोचला. एक हात तलवारीच्या मुठीवर, दुसऱ्या हाताचं बोट समोर. शिल्पकार म्हणतो, ते बोट पश्चिमेच्या नव्या मुलखाकडं आहे. प्रत्यक्षात ते बरोबर हिगिन्सच्या दारूच्या गुत्त्याकडं रोखलंय, आणि तिथली गर्दी म्हणे निम्म्यावर आलीय. चौथऱ्यावर कोरलंय, 'जनरल इथामार बार्लो. सेनानी. या प्रांताचे गव्हर्नर.' आणि खाली हातभर अक्षरांत त्यांचं ते वाक्य, 'रक्तापेक्षा कायदा थोर.'

समितीचे अध्यक्ष वॉल्डो स्टिट यांनी स्मरणिकेसाठी ती गोष्ट मलाच लिहायला लावली. तीस वर्षं शाळेत मुलांना सांगितली, पण लिहिताना हात अडखळला. युद्ध चालू असताना गव्हर्नरांचा एकुलता मुलगा रूफस छावणीतून पळाला, कारण बायको बाळंत होऊन तापात पडली होती. तो बापाच्याच मक्याच्या कणगीत लपला. बापानं स्वतः शिपायांना कणगी दाखवली आणि फाशीच्या हुकमावर सहीही स्वतःच केली. इतकं झालं. मग शहरातल्या वाचकांसाठी आडवी रांग म्हणजे काय तेही समजावून द्यावं लागलं. भल्या माणसाला आपण पूर्वेकडं पाय करून पुरतो, शेवटच्या दिवशी उठला की तोंड सूर्याकडं. फाशी गेलेल्यांना कुंपणाबाहेर, उत्तर-दक्षिण, आडवं. उठले तरी त्यांना वाट सापडू नये. रूफस तिथं गेला. त्याचं तान्हं बाळ जनरलांनी वाढवलं, ते आपले आजोबा. आणि मरताना जनरल म्हणाले, "त्या खड्ड्यावर दगड टाकायला विसरू नका." तेव्हापासून थडगी सजवायच्या दिवशी पहिला दगड बार्लोंच्या मुलांनी टाकायचा. तुला आठवतं ना? तुझा नेम माझ्यापेक्षा चांगला होता.

शिल्पकार आणि त्याची बायको माझ्याकडंच उतरले होते. त्यांना माझा पलंग दिला आणि मी चार दिवस जनरलसारखी झोपले, बैठकीतल्या बाकावर, पाय बाहेर. बाईंनी विचारलं, "पाहुण्याला पलंग देऊन आपण आडवं पडण्याला तुमच्या घरात जनरलसारखं झोपणं का म्हणतात?" आजी म्हणायची, आपण म्हणतो, यापलीकडं मला काय ठाऊक. म्हटलं, "सैनिक माणूस, कुठंही झोपत असणार."

आता ज्यासाठी लेखणी धरली ते. तुझ्या डेलचं पत्र आलंय. आठ जूनला तुरुंगाचं मंडळ बसणार, आणि त्याला घरी नेऊन ठेवायची हमी बापानं दिली तर त्याला पॅरोलवर सोडतील. नाहीतर आणखी चार वर्षं. माझ्याकडं पाठवा म्हणून मी लिहिलं होतं, तर राज्याबाहेर सोडत नाही असं उत्तर आलं. तेव्हा तुझ्याशिवाय कोणी नाही, ऑरिन. पेट्रोलपंपावरच्या त्या दरोड्यात त्यानं गाडी चालवली, गोळी दुसऱ्यानं झाडली. त्या पेट्रोलवाल्याचा हात गेला हे मी विसरले नाही, आणि डेल तर दर पत्रात त्याचीच चौकशी करतो. सहा वर्षं झाली. त्याला घरी आण.

आणि थडगी सजवायच्या दिवशी, तीस मेला, अनावरणाला ये. पडद्याची दोरी बार्लोंनी ओढायची आहे, आणि बार्लो म्हणायला आता मी नि तूच.

तुझी,
व्हिनी


याकिमा खोरं
२१ मार्च

व्हिनी,

पत्र मिळालं. पुतळ्याचं ऐकून बरं वाटलं. चौथऱ्यावर ते वाक्य कोरलं हे तर फारच योग्य केलं. अनावरणाला यायचा विचार आहे. मे अखेरीला फळं विरळ करायचं काम असतं, पण ते मजूर करतील.

डेलबद्दल पुन्हा लिहू नकोस. लहानपणापासून आपण जी गोष्ट मान वर करून सांगत आलो, ती काय फक्त दगडावर कोरायला आहे? जनरलांनी पोटच्या पोराला कणगीतून बाहेर काढून दिलं. माझा माझ्या सफरचंदाच्या तळघरात लपला. तिसऱ्या दिवशी मला खोकी हललेली दिसली आणि मी शेरीफला फोन केला. डेलची आई, मेटी, मरेपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही. तरी केलं ते चूक केलं असं मी म्हणणार नाही. ज्याचा हात गेला त्याच्याही बापाला मी तोंड दाखवू शकतो. हमी दिली तर त्याला काय सांगू, की माझा मुलगा म्हणून वेगळा कायदा?

तू मास्तरीण, तुला सगळी पोरं सुधारतील असं वाटतं. मी शेतकरी आहे. किडकं फळ खोक्यात ठेवलं की खोकं जातं.

तळघरात उंदीर झालेत. रात्री कुरतडण्याचा आवाज येतो. सापळे आणलेत.

गुडघ्यांना गरम मोहरीचा लेप लाव.

ऑरिन


बार्लोज बेंड
१८ एप्रिल

प्रिय ऑरिन,

हे पत्र वाचून झालं की चुलीत टाक. आधी वाटलं लिहूच नये. पण घरात मी एकटी, आणि ही गोष्ट एकटीनं पोटात ठेवायची नाही.

गेल्या मंगळवारी जनरलांची कबर उघडली. चौथऱ्याच्या पोटात तळघर केलंय, तिथं त्यांना हलवायचं ठरलं होतं. स्टिट होते, खणणारे दोघे होते, आणि बड क्रॅब. तुझा तो मासे पकडायचा सोबती आता गावातल्यांचे अंत्यविधी करतो आणि कोण कशानं मेला तेही तोच लिहितो. घरातलं माणूस म्हणून मी. टेकडीवर लाल कळ्यांची झाडं इतकी फुललीत की तिथं असलं काही करायची लाज वाटत होती.

पेटीचं लाकूड भुगा झालं होतं. आत माणूस नीट निजलेला, पाय पूर्वेला, हात छातीवर. स्टिटनी टोपी काढली आणि भाषण सुरू केलं. मी पेटीतल्या माणसाच्या दातांकडं बघत होते. सगळे दात, ऑरिन. पांढरे, घट्ट, एकही पडलेला नाही. शेवटी शेवटी जनरल मक्याच्या कण्या दुधात कालवून चोखायचे, हे आजोबांनी आपल्याला किती वेळा सांगितलं होतं. मग पाय पाहिले. दोन्ही सारखे, सरळ. आणि जनरलांचा तो जाड तळाचा बूट कोर्टाच्या कपाटात आजही ठेवलेला आहे, कमरेत गोळी राहून पाय आखूड झाला म्हणून शिवलेला.

बड खाली उतरला, वाकला, मानेपाशी बोट फिरवलं. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "व्हिनी, हा काही आजारानं गेलेला नाही. मान मोडलीय. पोरगा आहे हा, विशी-बाविशीचा."

स्टिट म्हणाले, "शंभर वर्षांत हाडं इकडची तिकडं होतात."

मी म्हटलं, "हाडं सरकतात, वॉल्डो. दात उगवत नाहीत."

"मिस बार्लो, गाडीभर पाहुणे बोलावलेत. राज्याचे गव्हर्नर येणार आहेत. आता तुम्ही कृपा करून काही उगवू देऊ नका."

त्यांनी त्याच दुपारी तो सगळा सांगाडा शिशाच्या पेटीत घातला, झाकण झाळून पक्कं केलं आणि वर्तमानपत्राला कळवलं की अवशेष उत्तम स्थितीत मिळाले. ते खोटं नव्हतंच म्हणा.

मान मोडून मेलेला बार्लो आपल्याला एकच ठाऊक आहे. जनरलांच्या नावाखाली शंभर वर्षं रूफस झोपलाय.

आणखी एक. तू हसशील, हस. त्या दिवसापासून माझ्या पत्र्यावर दगड पडतात. भर दुपारी, बटाटे सोलत असताना. टक्. थोड्या वेळानं टक्. वर अक्रोडाचं झाड आहे हे खरं, पण अक्रोड ऑक्टोबरात पडतात आणि आत्ता त्याला धड पालवीसुद्धा नाही. बडला शिडीवर चढवलं. पत्रा लख्ख. तो खाली उतरला आणि मी दिलेला चहाही न घेता गेला.

डेलचं काय ठरवलंस?

व्हिनी


याकिमा
२७ एप्रिल

व्हिनी,

तुझं पत्र जाळलं नाही, कारण दुसऱ्यांदा वाचून खात्री करायची होती की ते तूच लिहिलंस. चौसष्टाव्या वर्षी माणूस एकटा राहिला की पत्र्यावर दगडच काय, घोडेही नाचतात.

कबर चुकली असेल. दगड हलवला असेल कोणी. पूर येत होते तेव्हा. बडला हाडांतलं काय कळतं? आपण त्याला कासव आणि बेडूक यांतला फरक शिकवला होता. तू गप्प बस, दोरी ओढ आणि घरी जा. स्टिट मूर्ख असेल, पण या बाबतीत शहाणा आहे.

आणि वादासाठी तुझंच खरं धरलं, रूफस त्या पेटीत आहे, तर जनरल कुठं आहेत? एवढं सांग आणि मग मला शहाणपण शिकव.

तुरुंगाचं पाकीट आलं होतं. न फोडता परत पाठवलं. अनावरणाला मी येत नाही. काम आहे.

उंदीर सापळ्यात येत नाहीत. चीज तसंच्या तसं. पण खोक्यांपाशी देठ सापडतात, नुसते देठ. उंदीर अख्खं फळ बियांसकट खाऊन देठ तेवढा ठेवतो हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या मजुरांपैकी कोणी असेल. कुलूप बदललं. काल पुन्हा तीन.

ऑरिन


बार्लोज बेंड
१२ मे

ऑरिन,

तू विचारलंस, जनरल कुठं आहेत. सांगते.

तुझ्यावर चिडून मी पाहुण्यांच्या चादरी धुवायला काढल्या. शिल्पकाराची बायको पुन्हा यायची आहे. पलंग घातला, बाकावर माझं अंथरूण टाकलं आणि स्वतःशीच म्हटलं, चला व्हिनीबाई, पुन्हा जनरलसारखं झोपा. आणि मी काय म्हटलं ते तेव्हा मलाच ऐकू आलं. दुसऱ्याला आपला पलंग द्यायचा आणि आपण आडवं पडायचं. आडवं, ऑरिन! जन्मभर हे शब्द तोंडात घोळवले आणि एकदाही त्यांची चव घेतली नाही. आजीला हे कोणी सांगितलं असेल? आजोबांनी. आणि जनरल वारले तेव्हा आजोबा चोवीस वर्षांचे तगडे गडी होते. म्हाताऱ्याच्या हुकमानं दोन खड्डे उकरायला तेवढे हात पुरतात.

मग एकेक आठवायला लागलं. थडगी सजवायच्या दिवशी आजोबा गाडीतून कधी खाली उतरले नाहीत. आपण दगड टाकायचो आणि ते हॅट काढून मांडीवर ठेवायचे. आपल्याला वाटायचं, त्यांना उकडतंय. एकदा तुझा दगड ठण्णकन बसला आणि तू ओरडलास, "लागला!" तेव्हा त्यांनी तुझ्या मुस्काटात मारली होती. का मारलं ते सांगितलं नाही. आपण दोघं आठवडाभर त्यांच्याशी बोललो नव्हतो.

बडला बोलावलं. आम्ही दोघांनी त्या ढिगावरचे दगड बाजूला केले. शंभर वर्षांचे दगड. खालचे शेवाळलेले, वरचे कालपरवाचे. त्यात एक घोड्याचा नाल होता, तो तुझा असणार. मग बडनं खणलं. पेटी नाही, बूट नाहीत, अंगावर नुसतं घोंगडं असावं. उत्तर-दक्षिण, आडवा. तोंडात दोन दात. एक पाय आखूड. बडनं कमरेच्या हाडाला हात लावला आणि शिशाची गोळी माझ्या तळहातावर ठेवली. ती गार नव्हती, ऑरिन. उन्हात पडलेल्या वस्तूसारखी कोमट होती. तुला खोटं वाटेल म्हणून बडला विचार.

"त्या खड्ड्यावर दगड टाकायला विसरू नका." त्यानं स्वतःवर टाकायला सांगितले होते. आणि आपण, त्याची पोरंबाळं, नेम धरून टाकत आलो.

बड म्हणाला, "स्टिटला सांगायचं का?"

मी म्हटलं, "सांगितलं तर ते काय करतील?"

त्यालाच उत्तर ठाऊक होतं. जनरलांना वाजतगाजत टेकाडावर नेतील आणि रूफसला पुन्हा या आडव्या खड्ड्यात आणून टाकतील. म्हाताऱ्यानं जे साधण्यासाठी शंभर वर्षं दगड खाल्ले, ते एका दुपारी मोडतील. तेव्हा आम्ही गोळी परत ठेवली आणि माती लोटली. वर दगडही ठेवले, नाहीतर लोक विचारतील. बड एकेक दगड दोन्ही हातांनी ठेवत होता आणि रडत होता. मी नव्हते रडत. मला राग आला होता. म्हाताऱ्याला आपलं पोर वाचवता आलं असतं. सहीच तर करायची नव्हती! चोवीस वर्षं उशिरा त्यानं आपला पलंग दिला, आणि तोही मेलेल्याला.

तुझा जिवंत आहे.

आणि देठांचं म्हणशील तर, सफरचंद बुडाकडून बियांसकट खाऊन देठ खिशात ठेवणारं पोरगं आपल्या घरात एकच होतं. तू त्याला 'घोडा' म्हणायचास. कुलपं बदलू नकोस, ऑरिन. कुलूप कोणासाठी घालतोयस?

व्हिनी


बार्लोज बेंड
३१ मे

ऑरिन,

तुझं उत्तर नाही. मी वाट पाहिली, नंतर सोडून दिली, आणि काल सकाळी स्टेशनवरही जाऊन आले. गाडीतून तू सोडून सगळे उतरले.

दोरी ओढली मी. पडदा जनरलांच्या बोटाला अडकला आणि बँडवाल्या पोरानं वर चढून सोडवला. गव्हर्नर 'रक्तापेक्षा कायदा थोर' यावर बराच वेळ बोलले. टाळ्या पडल्या. माझ्या पायाखाली रूफस होता आणि ते सगळे त्याच्या बापाच्या नावानं त्याला मुजरे करत होते. म्हाताऱ्याला हेच हवं होतं. मी कोणाला काही बोलले नाही, बोलणारही नाही. माझ्यामागं हे फक्त तुला नि बडला ठाऊक असेल.

समारंभानंतर रीतीप्रमाणं पोरं मुठीत दगड घेऊन आडव्या रांगेकडं पळाली. पहिला दगड माझा. सगळी थांबली. स्टिटची नात, सहा-सात वर्षांची, मला म्हणाली, "मिस बार्लो, टाका ना." मी हॅट काढली. गुडघे वाकत नाहीत, तरी वाकले आणि दगड हळूच ढिगावर ठेवला.

ती म्हणाली, "टाकायचा नाही का?"

"नाही. ठेवायचा."

पोरं मोठ्यांपेक्षा बरी, त्यांनी कारण विचारलं नाही. एकेकानं येऊन ठेवला. वॉल्डो स्टिट लांबून बघत होते. त्यांना काय कळलं देव जाणे, पण त्यांनीही हॅट काढली.

मला वाटलं होतं, आता पत्र्यावरचे दगड थांबतील. थांबले नाहीत. आज दुपारी चार पडले. मी आता उठून बघायला जात नाही. दार मात्र उघडं ठेवते.

आठ तारखेला आठवडा उरलाय. मी या विषयावर पुन्हा अक्षर लिहिणार नाही. माझ्याजवळ होतं ते सगळं लिहून झालं.

व्हिनी


याकिमा
११ जून

व्हिनी,

तुझी दोन्ही पत्रं खिशात घेऊन मंडळासमोर उभा राहिलो. खुर्ची दिली होती, बसलो नाही. त्यांनी विचारलं, घरी काम आहे का? म्हटलं, आहे. दारू? नाही. मग त्यांच्यातल्या एका बाईनं विचारलं, "त्याला झोपायला स्वतंत्र पलंग आहे का?" आता घरात पलंग एकच. डेलचा मी त्या वर्षीच फोडून जाळला होता. मी हातातल्या हॅटकडं बघत राहिलो. त्यांना वाटलं, मी मागं फिरलो. मग म्हटलं, "माझा आहे."

तो बाहेर आला तेव्हा मी ओळखलाच नाही. अठ्ठावीस वर्षांचं पोर आणि कानांवर केस पांढरे. मग गाडीनं निघालो. खोरं दिसायला लागल्यावर एवढंच म्हणाला, "बाबा, यंदा फळ दाट धरलंय." म्हटलं, "विरळ करायचं राहिलंय. तुझी वाट बघत होतो." असं काही बोलणार आहे, हे मलाही ठाऊक नव्हतं.

रात्री त्यानं दारापाशी जमिनीवर घोंगडी टाकली. तिथं आत तसंच झोपतात म्हणाला. मी म्हटलं, "ऊठ, पलंगावर जा."

"मग तुम्ही?"

"मी जनरलसारखा."

आईच्या तोंडून ऐकलेलं त्याला आठवलं असावं. हसला नाही, पण पलंगावर गेला. आणि भिंतीकडं तोंड करून झोपला तो अजून झोपलाच आहे. त्याला रूफसचं सांगेन. आत्ता नाही. तो झोपू दे आधी.

मी तळघरात आलोय. खोक्यांच्या मध्ये गवत पसरून आडवा पडलो, तिथंच, जिथून शेरीफनं त्याला ओढून काढलं. देठ आहेत. उंदीर नाहीत. तो वर झोपलाय आणि मघाशी इथं अंधारात कोणीतरी सफरचंद खात होतं, मी ऐकलं. मी कंदील लावला नाही. खाऊ दे.

पहाट होत आलीय. बाहेर जून आहे, दुपारी सदरा अंगाला चिकटतो. इथं गारठ्यानं बोटं वाकत नाहीत, म्हणून अक्षर असं आलंय. तो लपला तेव्हा नोव्हेंबर होता, व्हिनी. तीन रात्री. त्यानं दार एकदाही वाजवलं नाही, हे मी आजवर त्याच्या मग्रुरीत धरत आलो.

इथल्या झरोक्यातून आमच्या स्वयंपाकघराचा दिवा सरळ समोर दिसतो. मला माहीत नव्हतं.

ऑरिन